अंगावरून गेलेलं वारं

आमच्या घरात ‘वारा’ हा शब्द लाडाचा होता. एका उन्हाळ्यात तो भीतीचा झाला. त्या उन्हाळ्याबद्दल मी आजवर कुणाला सलग असं सांगितलेलं नाही. सांगायला बसलं की लोकांना आण्णांच्या आजारपणाची हकिगत हवी असते: कुठलं औषध दिलं, कोणी मालिश केलं, चालायला कधी लागले. मला मात्र माजघराची खिडकी आठवते, तिच्यावर ठोकलेली पोती आठवतात, आणि त्या खोलीत कोंडून राहिलेला, तेलाचा आणि घामाचा वास धरलेला अंधार आठवतो. आता माझं वय तेव्हाच्या आण्णांपेक्षा कितीतरी जास्त आहे. पंखा फिरत असला तरी खिडकी उघडी असल्याशिवाय मला झोप येत नाही. सुना हसतात. हसू देत.

पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीपासून थोडं वर आमचं गाव. घर धाब्याचं, भिंती हातभर जाड मातीच्या, पुढे ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणात कडुनिंब. आण्णा, म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कुलात मराठी आणि संस्कृत शिकवायचे. शेती बघायचे तात्या, आण्णांचे थोरले भाऊ. दोघांच्या वयात इतकं अंतर होतं, की तात्यांनी आण्णांना कडेवर घेऊन शाळेत नेऊन बसवलं होतं. माझे आजोबा गेले तेव्हा आण्णा अगदी लहान होते. पुढचं सगळं तात्यांनी केलं. तात्यांची बायको लग्नानंतर लवकरच गेली, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. धाकट्या भावाला ते नावानं हाक मारत नसत, ‘मास्तर’ म्हणत, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात जो मान असे तो शाळेतल्या कुठल्या शिक्षकाला मिळत नव्हता. माझी आई पाथर्डीकडची, कोरडवाहू मुलखातली. मोठ्या दिरासमोर डोक्यावरचा पदर तिनं कधी ढळू दिला नाही. दोघं एकमेकांशी सरळ बोलतच नसत. ‘शके, आईला म्हनावं, रानात भाकरी लवकर धाड’ असं तात्या आईसमोर उभं राहून मला सांगायचे, आणि आई ‘तात्यांना सांग, धाडते’ असं मलाच म्हणायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

उन्हाळ्यात आमची जेवणं अंगणात व्हायची. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची झणझणीत आमटी, कांदा, आणि आईनं सकाळीच घुसळून ठेवलेलं ताक. लांबून कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप धडधडत असायचा, मधेच साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा. आणि दिवसभर तापलेली हवा जरा हलली, निंबाची डहाळी डुलली, की आण्णा घास हातात धरून थांबायचे. ‘ही झुळूक,’ म्हणायचे. ‘हिला संस्कृतात शोधू नका. ही आपली. पाणी झुळझुळ वाहतं, लुगडं झुळझुळीत असतं, तशी ही झुळूक. कानाला ऐकू आलं तेच नाव ठेवलं.’ मग एकेक शब्द निघायचा. पवन म्हणजे शुद्ध करणारा. पावन हा त्याच धातूचा. आणि फार पूर्वी धान्य पाखडण्यालासुद्धा पवन म्हणत. समीर म्हणजे हलवून जागं करणारा. अनिल हा ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे यातून आला, प्राणही त्यातूनच. मला त्यातला सगळ्यात आवडायचा तो विंझणवारा. विंझणा म्हणजे पंखा, व्यजनाचं झिजून झिजून झालेलं रूप, आणि त्या पंख्यानं घातलेला वारा तो विंझणवारा. ‘वाऱ्याच्या सगळ्या नावांत माणसाचा हात लागलेलं हे एकच नाव,’ आण्णा म्हणायचे.

आईकडे वाऱ्याची नावं नव्हती. तिच्याकडे वारं काय करतं तेवढंच होतं. तिच्या माहेरी बाजरीची रास उफणायची तर सगळा भरवसा वाऱ्यावर. वावडीवर, म्हणजे उफणायच्या उंच तिवईवर, उभं राहून टोपली डोक्याच्या वर धरायची आणि वाट बघायची. त्यामुळे वारं उठलं, वारं सुटलं, वारं धरलं, वारं फिरलं, वारं मोडलं, वारं पडलं, असं ती म्हणायची आणि त्या प्रत्येकाचा तिच्या लेखी वेगळा अर्थ होता. आण्णा तिला मुद्दाम छेडायचे, ‘अगं, पण त्याला म्हणायचं काय?’ ती भाकरी थापता थापता म्हणायची, ‘वारंच म्हनायचं. दुसरं काय म्हननार?’ तात्या या बोलण्यात कधी पडले नाहीत. ते जेवायचे, हात धुवायचे आणि गोठ्याकडे निघून जायचे. वाऱ्याचा विषय निघाला की ते जरा लवकरच उठतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

नववीची परीक्षा होऊन मी घरी होते. एका सकाळी आण्णा ओट्यावर काहीतरी वाचत बशीतून चहा पीत होते आणि मी समोर तांदूळ निवडत होते. चहा त्यांच्या ओठांच्या एका कोपऱ्यातून खाली सदऱ्यावर सांडायला लागला. मला वाटलं, वाचता वाचता लक्ष नाही. मग बशी हातातून सुटली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाले. पण ते शब्द नव्हते, नुसता ओला, जड आवाज होता. मी हाक मारली तेव्हा ते भिंतीला टेकून हळूहळू उजवीकडे कलत होते. तात्या गोठ्यातून धावत आले, त्यांनी आण्णांना लहान मुलासारखं उचललं, आणि शेजारच्यांच्या जीपमधून श्रीरामपूरला नेलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. दारात येणारं प्रत्येक माणूस तेच वाक्य बोलत होतं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. वारं गेलं. झुळूक जाते तसं. इतक्या हलक्या शब्दात माणसाचं अर्धं अंग निघून जातं, याची मला फार भीती वाटली.

आण्णांना घरी आणलं तेव्हा उजवा हात-पाय लाकडासारखा होता आणि बोलणं पूर्ण गेलेलं. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की यांना कूस बदलून निजवा, हातपाय हलवत राहा, मीठ कमी द्या, मोकळ्या हवेच्या जागी ठेवा, आणि सतत बोलत राहा, म्हणजे वाचा येईल. तात्यांनी ते सगळं हात जोडून ऐकून घेतलं होतं. घरी आल्यावर आण्णांना माजघरात निजवलं, आणि तात्यांनी माझ्याकडे हातोडी मागितली. खिडकीची दारं लावून त्यांनी वरून दुहेरी पोती ठोकली. दाराला घोंगडी लावली. धाब्याला उजेडासाठी ठेवलेलं भोक फरशीचा तुकडा ठेवून बुजवलं. मग घामानं निथळत माझ्यासमोर येऊन म्हणाले, ‘आईला सांग, हितं वाऱ्याची चिळुक सुदिक आली न्हाई पायजे. एकदा वारं गेलंय. परत गेलं तर मास्तर आपला न्हाई.’ आई दाराशीच उभी होती. तिनं मान खाली घातली.

वैशाखाचे दिवस. बाहेर सावलीतसुद्धा पाखरं चोची उघडून बसायची. त्या खोलीत काय होत असेल याची कल्पना आता करवत नाही, पण तेव्हा मी दिवसभर तिथंच असे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल, धूप, आणि घाम. आई दर थोड्या वेळानं ओल्या फडक्यानं त्यांचं अंग पुसायची आणि ते लगेच पुन्हा भिजायचं. पाठीला लाली धरली, मग तिथली कातडी सोलायला लागली. आण्णांचा डावा हात शाबूत होता. तो हात ते उचलायचे आणि खिडकीकडे बोट करायचे. परत परत करायचे. मला कळत होतं, आईला कळत होतं. तात्या मात्र त्या बोटाकडे बघून म्हणायचे, ‘भ्यालाय तो. वारं येईल म्हनून भ्यालाय,’ आणि पोत्याची कड पुन्हा चाचपून यायचे. तेव्हा आण्णांच्या डोळ्यांत जे दिसायचं, त्याला मी राग म्हणत असे. आता वाटतं तो राग नव्हता. ज्या माणसानं आपल्याला वाढवलं त्याच्या हातून मरायचं आणि त्याला ते सांगताही यायचं नाही, असं काहीतरी त्यात होतं.

एकदा मी धीर करून गोठ्यात गेले. तात्या बैलांना वैरण टाकत होते. मी त्यांना आण्णांच्याच पद्धतीनं समजावून सांगायला लागले, की वात, वायू, वारा हे सगळे एकाच ‘वा’ धातूपासून आले हे खरं, पण वैद्य ज्याला वात म्हणतात तो शरीराच्या आतला, बाहेरच्या वाऱ्याशी त्याचं काही नातं नाही. जुन्या लोकांनी आजाराला अर्धांगवायू म्हटलं म्हणून निंबाखालची झुळूक काही आजार होत नाही. तात्यांनी सगळं ऐकलं. वैरणीचा भारा खाली ठेवला. ‘म्हंजी शब्द येकच हाय ना?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘एकच आहे, पण अर्थ वेगळा.’ ते म्हणाले, ‘पोरी, अर्थ मला नको सांगूस. मी बगितल्यालं हाय.’ काय बघितलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांचा चेहरा पाहून मी विचारलं नाही.

मग कुणीतरी नदीपलीकडच्या एका वैदूचं नाव सांगितलं. तात्या टोपलीत पारवे घेऊन आले. त्यांचं रक्त आण्णांच्या लुळ्या अंगाला चोळायचं होतं. आईनं ते करायला नकार दिला नाही, पण तिनं हातही लावला नाही, तात्यांनीच चोळलं. त्या बंद खोलीत तो वास उठला आणि मी बाहेर येऊन ओट्याची कड धरून ओकले. परत आत गेले तेव्हा आण्णांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. डावा हात छातीवर घट्ट आवळला होता. आईनं मुगाचं कढण आणलं, चमचा ओठांशी नेला, तर ओठ मिटलेले. पाणी नेलं, तरी मिटलेले. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी, तेच. आता ते खिडकीकडेही बोट करत नव्हते. तात्या दाराबाहेर बसून होते, मला सारखं विचारत होते, ‘घेतलं का गं त्येनं काही?’ आणि मी नाही म्हटलं की गुडघ्यावर डोकं टेकवत होते. मला वाटतं आम्हा तिघांनाही एकच कळलं होतं आणि तिघांपैकी कुणी ते ओठांवर आणत नव्हतं. आण्णांनी ठरवलं होतं.

त्या दुपारी आई स्वयंपाकघरात गेली आणि सूप घेऊन आली. धान्य पाखडायचं, बांबूचं, कडेला झिजलेलं सूप. मला वाटलं डाळ पाखडायची असेल. ती आण्णांच्या खाटेच्या उशाशी बसली, पदर कमरेला खोचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर वारा घालायला लागली. हळू, एका लयीत. आण्णांचे ओल्या कपाळाला चिकटलेले केस सुटे झाले. त्यांनी डोळे उघडले. भिंतीकडचं तोंड त्यांनी आपण होऊन इकडे वळवलं. तेवढ्यात घोंगडी बाजूला झाली आणि तात्या आत आले.

‘शके,’ ते म्हणाले, ‘आईला म्हनावं सूप खाली ठिव.’

आईचा हात थांबला नाही.

‘शके, सांग तिला. वारं लागंल त्येला.’

‘तात्या,’ आई म्हणाली. त्यांच्याकडे बघून म्हणाली. माझ्या जन्मात तिला त्यांच्याशी सरळ बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. ‘शकूला मधी घेऊ नका. माझ्यासंगं बोला. हे माझ्या हातचं वारं हाय. रानातलं न्हाई.’

‘वारं ते वारंच.’

‘त्यांनी खानं सोडलंय. तुमी खिडकी उगडली न्हाई तर ते जानार हायेत. वाऱ्यानं न्हाई, आपल्यापायी.’

तात्या पुढे आले. मला वाटलं आता ते तिच्या हातातून सूप ओढून घेतील. मी उठून मधे उभी राहिले की काय, आठवत नाही. पण ते खाटेच्या पायथ्याशी येऊन एकाएकी खाली बसले. आणि जमिनीकडे बघत बोलायला लागले. आजोबांच्या अंगावरूनही असंच वारं गेलं होतं. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ते तापानं गेले असंच घरात सांगितलं जाई. आजोबांचं बोलणं थोडं शाबूत होतं, तोंडातल्या तोंडात बोलायचे. ते सारखे म्हणत होते, मला बाहेर घ्या. घरातली मोठी माणसं नको म्हणत होती. एके दिवशी सगळे शेतावर गेले असताना तात्यांनी, तेव्हा ते जेमतेम मिसरूड फुटलेले, बापाला खाटेसकट ओढत निंबाखाली नेलं. ‘लई गोड झुळुक आली,’ तात्या म्हणाले. ‘पानं हालली. आन् त्या झुळकीतच गेले. माझ्या म्होरं. मास्तर हितंच मातीत खेळत हुता. त्येला काय कळतंय. मी कुनाला सांगितलं न्हाई. मीच नेलं हुतं त्यांना भाईर.’

पोत्यांच्या फटीतून येणारा एक बारीक उजेड तेवढा जमिनीवर पडला होता. आई म्हणाली, ‘झुळुक आली तवा ते काय म्हनले?’

तात्यांनी वर पाहिलं. असला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा. मग म्हणाले, ‘बरं वाटलं, म्हनले. बरं वाटलं रं, असं म्हनले.’

आई उठली. तिनं सूप तात्यांच्या हातात दिलं आणि मला घेऊन बाहेर आली. आत काय झालं ते मी पाहिलं नाही. आवाज ऐकला, सूप हलण्याचा; आधी अडखळत, मग सारखा. आणि मग तात्यांची हाक, ‘शके, कढन आन. त्वांड उगडलंय त्येनं.’

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर तात्यांनी खिडकीचे खिळे उपटले. एकेक खिळा निघताना जो करकर आवाज व्हायचा त्यानं माझ्या दातांना शिरशिरी येत होती. उजेड आत आला तेव्हा आण्णांनी डोळे मिटून घेतले. त्या खोलीत किती धूळ होती आणि आण्णा किती वाळले होते, ते तेव्हा दिसलं. मग आम्ही खाट उचलली. तात्या उशाकडून, आई आणि मी पायांकडून. निंबाखाली ठेवली. तात्या खाटेच्या बाजूला जमिनीवर बसले आणि त्यांनी आण्णांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

वारं पडलं होतं. एक पान हलत नव्हतं. आई चुलीशी गेली नाही, भाकरी टाकल्या नाहीत, उभी राहिली. मला एकीकडून वाटत होतं की यावा वारा, आणि एकीकडून वाटत होतं की आजच्या दिवस येऊ नये. तात्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते निंबाच्या शेंड्याकडे बघत होते, झाडावर कुणी बसलंय आणि ते केव्हाही खाली उडी मारेल असं. सूर्य कलला. गाईनं दावं ओढलं. मग नदीकडच्या बाजूनं उसाची पाती सळसळल्याचा आवाज आला. तो जवळ जवळ येत गेला, शेजारच्या शेवग्यापर्यंत, मग आमच्या कुंपणापर्यंत, आणि निंबाची खालची डहाळी हलली.

आण्णांच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. त्यांनी तोंड जरा उघडलं, एक लांब श्वास सोडला, आणि डोळे मिटले. मान एका बाजूला कलली. तात्यांच्या हातातला त्यांचा हात सैल पडला.

‘शके,’ तात्या म्हणाले. ‘बग गं. माझ्यानं बगवत न्हाई.’

मी आण्णांच्या नाकाखाली बोटं धरली. बोटांना वारा लागत होता. पण तो कुठला, तेच कळेना. झुळूक माझ्या हातावरूनच जात होती. गार लागत होतं ते बाहेरचं की आतलं, हे सांगता येत नव्हतं. तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. आईनं खाटेची कड धरली होती. मी दुसऱ्या हाताची ओंजळ करून आडोसा केला, लहानपणी दिवा नेताना करायचो तसा, आणि थांबले. काही नाही. परत थांबले. मग आडोशाच्या आत, बोटांच्या टोकांना काहीतरी उबदार लागलं. गेलं. पुन्हा लागलं. मी ‘आहे’ म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधीच आण्णा घोरायला लागले.

ते इतके दिवस नीट झोपलेच नव्हते. ते घोरत होते आणि तात्या खाटेच्या कडेवर डोकं ठेवून रडत होते, आई आत जाऊन चूल पेटवत होती. त्या आवाजांतून मला भाकरीच्या पिठावर पडलेला आईच्या हाताचा पहिला थापटा ऐकू आला, आणि मग मीही जमिनीवर बसले.

आण्णांची वाचा पावसाळा संपता संपता थोडी आली. लोक मला विचारतात, पहिला शब्द कुठला? त्यांना वाटतं, इतका शब्दवेडा माणूस, झुळूक म्हणाला असेल. पहिला शब्द ‘मीठ’ होता. आईनं डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे केलेली अळणी आमटी त्यांनी डाव्या हातानं पुढे ढकलली आणि चिडून म्हणाले, ‘मीठ.’ आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. आईनं चिमूटभर मीठ वाढलं, मग आणखी चिमूटभर वाढलं. त्यानंतर शब्द येत गेले, पण हवा तो शब्द यायचाच असं नाही. पाणी मागायचं तर पाटी म्हणायचे, मला आईच्या नावानं हाक मारायचे, आणि चुकलं हे कळलं की स्वतःच्या मांडीवर हात आपटायचे. काठी घेऊन ते चालायला लागले. शाळेत परत गेले नाहीत. पवन, समीर, अनिल हे शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत. मी म्हणून दाखवायचे, तेव्हा ते मान हलवायचे, ओळखीचं माणूस लांबून दिसावं तसं. वाऱ्याला ते आता आईसारखं नुसतं ‘वारं’ म्हणायचे.

दिवाळीनंतर एकदा आम्ही सगळे अंगणात होतो. तात्या भुईमुगाच्या शेंगा टोपलीत निवडत होते. मी त्या वर्षी दहावीत होते आणि माझ्या मनात निंबाखालची ती संध्याकाळ सारखी घोळत असे. मी आण्णांजवळ बसून विचारलं, ‘आण्णा, त्या दिवशी आम्ही तुम्हाला बाहेर आणलं, तेव्हा तो वारा आला. त्याला काय म्हणायचं?’

ते शोधायला लागले. त्यांना शोधताना बघणं फार अवघड असे. ओठ वळायचे, गळ्याची शीर ताठायची, आणि आपल्यालाच वाटायचं की उगाच विचारलं. आई हातातलं काम थांबवून बघत होती. मग ते म्हणाले, ‘तात्या.’

मला वाटलं हाक मारली. तात्यांनाही तसंच वाटलं. ‘काय रं मास्तर?’ म्हणत ते टोपली घेऊन उठले. आण्णांनी मान हलवली, नाही, हाक नव्हे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा प्रश्न त्यांना नीट कळला आहे हे मला कळावं म्हणून माझ्या मनगटावर बोट ठेवलं, आणि पुन्हा, स्पष्ट, शाळेत सांगायचे तसं म्हणाले, ‘तात्या.’

शब्द चुकला असेल. तेव्हा त्यांचे निम्मे शब्द चुकत. मी दुरुस्त केला नाही. तात्या शेंगांची टोपली हातात धरून तसेच उभे राहिले.